पहिल्या क्वार्टरची शिट्टी

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा, 2025चा मोसम संपला तेव्हा लास व्हेगास एसेसने फिनिक्स मर्क्युरीला सलग चार सामन्यांत हरवून विजेतेपद मिळवले होते आणि एजा विल्सनने चौथ्यांदा सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला होता. या लीगमध्ये चार वेळा हा मान मिळवणारी ती पहिलीच. तरीही मोसमभर बोलले गेले ते पंचांविषयी. कोणाला किती धक्के बसले, कोणत्या धक्क्यावर शिट्टी वाजली, कोणत्या धक्क्याकडे कानाडोळा झाला आणि लीगच्या कार्यालयाने दुसऱ्या दिवशी त्यात काय बदल केला, हेच महिनोन्महिने चघळले गेले.

या वादात दोन तट पडले आहेत. इंडियाना फीव्हर संघाच्या तारांकित केटलिन क्लार्कला प्रतिस्पर्धी मुद्दाम मारतात आणि पंच ते पाहत बसतात, असे एक तट म्हणतो. दुसऱ्याच्या मते तिचे वाजवीपेक्षा जास्त लाड होतात आणि तिला लागलेल्या प्रत्येक धक्क्याची राष्ट्रीय बातमी होते. मी बरीच वर्षे जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत शिट्टी घेऊन उभी राहिले आहे, त्यामुळे हा वाद मला थोडा वेगळा दिसतो. पंच कोणाच्या बाजूचे आहेत हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. पहिल्या दहा मिनिटांत, म्हणजे पहिल्या क्वार्टरमध्ये, जे चालवून घेतले जाते, त्याची किंमत शेवटच्या दहा मिनिटांत कोणाला तरी मोजावी लागते, आणि डब्ल्यूएनबीएला ही किंमत सामना संपल्यावर कागदावर वसूल करण्याची सवय लागली आहे, हे माझे खरे दुखणे आहे.

17 जून 2025चा फीव्हर विरुद्ध कनेक्टिकट सन हा सामना या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. इंडियानापोलिसचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतात, आणि चहाचा कप हातात घेऊन पाहताना पहिल्या काही मिनिटांतच जाणवले होते की हा सामना पंचांच्या हातातून निसटणार. क्लार्कला रोखण्याचे काम सनच्या जेसी शेल्डनकडे होते. बॉल दुसरीकडे असतानाही कमरेला हात, जर्सीला हात, स्क्रीनमधून (सहकारी आडवी उभी राहून देते त्या आडोशातून) निघताना खांद्याचा हलका दणका, असे सगळे चालू होते आणि क्लार्कही मागे राहत नव्हती. यांतला कोणताही एक स्पर्श सुटा काढून दाखवला तर त्यात विशेष काही नाही, असेच कोणीही म्हणेल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये शेल्डनचे बोट क्लार्कच्या डोळ्यात गेले. क्लार्कने तिला ढकलले, सनची टीना चार्ल्स मध्ये आली, आणि सनच्याच मरिना मॅब्रीने धावत येऊन क्लार्कला सरळ जमिनीवर पाडले. पंचांनी रिप्ले पाहून शेल्डनला फ्लॅग्रंट 1, म्हणजे अनावश्यक धक्क्याचा फाऊल, दिला आणि क्लार्क, चार्ल्स व मॅब्री या तिघींना गैरवर्तनाबद्दलचा एकेक टेक्निकल फाऊल दिला. बॉलशी संबंध नसताना एका खेळाडूला दोन्ही हातांनी खाली पाडणाऱ्या मॅब्रीला मैदानावरच राहू दिले गेले. तिचा धक्का बाहेर काढण्याइतका गंभीर नव्हता, असे स्पष्टीकरण पंचप्रमुखांनी सामन्यानंतर पत्रकारांच्या प्रतिनिधीला दिले. दुसऱ्या दिवशी लीगने त्याच धक्क्याचे रूपांतर फ्लॅग्रंट 2 मध्ये केले. फ्लॅग्रंट 2 म्हणजे सामन्यातून हकालपट्टी. ज्या सामन्यातून तिला काढायचे होते तो सामना मात्र संपून गेला होता. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

त्या सामन्याचा उरलेला भाग अधिक बोलका आहे. शेवटच्या मिनिटात फीव्हरकडे मोठी आघाडी होती. शेल्डन एकटीच रिंगकडे निघाली होती, तेव्हा फीव्हरच्या सोफी कनिंगहॅमने तिला मागून धरून खाली ओढले. बाचाबाची झाली आणि कनिंगहॅम, शेल्डन व सनची लिंडसे ॲलन अशा तिघींना बाहेर काढले गेले. फीव्हरने तो सामना 88-71 असा जिंकला. कनिंगहॅमच्या फाऊलचे मी समर्थन करणार नाही, कारण हवेत उडी घेण्याच्या बेतात असलेल्या खेळाडूला मागून ओढण्याने गुडघा जाऊ शकतो, डोके आपटू शकते. परंतु तो फाऊल आला कुठून हे समजायला फार डोके चालवावे लागत नाही. आपल्या सहकाऱ्याचे रक्षण पंच करत नाहीत अशी एखाद्या संघाची खात्री झाली की तो संघ ते काम स्वतःच्या हातात घेतो. फीव्हरच्या प्रशिक्षक स्टेफनी व्हाइट यांनी नंतर सांगितले की आपण पहिल्या क्वार्टरपासून पंचांशी याबद्दल बोलत होतो. खेळाडू दिवसेंदिवस सुधारत आहेत, पंच तेवढे सुधारत नाहीत, असाही त्यांचा रोख होता.

गंमत म्हणजे त्या एका फाऊलने कनिंगहॅम रातोरात प्रसिद्ध झाली. टिकटॉकवर तिला पाहणाऱ्यांची संख्या काही दिवसांत दहा लाखांच्या वर गेली. नियमभंगाला एवढ्या टाळ्या पडतात, याचा अर्थ पंचांवरचा प्रेक्षकांचा विश्वास आधीच उडालेला होता.

फाऊलच्या हिशेबातच एक गोष्ट दडलेली आहे, जिच्याकडे या वादात फारसे कोणी पाहत नाही. आपल्याकडचे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतात, म्हणजे 40 मिनिटांचा खेळ आणि पाचव्या वैयक्तिक फाऊलला खेळाडू बाहेर. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील पुरुषांच्या लीगमध्ये, 48 मिनिटांचा खेळ असून सहाव्या फाऊलला बाहेर जावे लागते. डब्ल्यूएनबीएने खेळाचा वेळ फिबाइतकाच 40 मिनिटांचा ठेवला आहे आणि फाऊलची मर्यादा मात्र एनबीएप्रमाणे सहाची. म्हणजे तिथल्या बचावपटूला मिनिटांच्या मानाने दोघांपेक्षाही जास्त फाऊल खर्च करता येतात. कुशल प्रशिक्षक ही मोकळीक वाया घालवणार नाही. समोरच्या संघातील सर्वांत धोकादायक खेळाडूवर पाळीपाळीने दोन-तीन ताज्या दमाच्या बचावपटू सोडायच्या, प्रत्येकीने दोन-तीन फाऊल खर्च करायचे, आणि प्रत्येक वेळी शिट्टी वाजवायला पंच कचरतो हे गृहीत धरायचे, असा तो साधा हिशेब आहे. पंच कचरतोच, कारण प्रत्येक स्पर्शावर शिट्टी वाजवली तर सामना फ्री थ्रोच्या, म्हणजे फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या, रांगेत अडकतो, टीव्हीवाले वैतागतात आणि प्रेक्षक खेळ खेळू द्या म्हणून ओरडतात.

शिट्टी हातात असणाऱ्याला आणखी एक अडचण असते. तीन पंचांच्या पद्धतीत एक जण रिंगखाली बेसलाइनवर असतो, एक बाजूने फ्री थ्रो रेषेच्या आसपास आणि तिसरा मागे, मध्यरेषेच्या बाजूला. बॉल ज्याच्या टप्प्यात असतो तो पंच बॉल पाहतो आणि उरलेल्या दोघांनी बॉलपासून दूर चाललेली झटापट पाहायची असते. हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात डोळे बॉलकडे ओढले जातात, आणि अनुभवी बचावपटूला ते पक्के ठाऊक असते. क्लार्कसारखी खेळाडू 6.75 मीटरच्या रेषेच्याही खूप मागून तीन गुणांची फेक टाकते, त्यामुळे तिला मध्यरेषेपासूनच धरावे लागते आणि मागच्या पंचाच्या वाट्याला एरवीपेक्षा कितीतरी मोठा पट्टा येतो. तिच्या बाबतीत शिट्ट्या सुटतात याचे कारण द्वेषापेक्षा मैदानाच्या भूमितीत अधिक आहे, असे मला वाटते. अर्थात कारण कळले म्हणून चूक माफ होत नाही. हा पट्टा कोणी पाहायचा हे ठरवणे लीगचेच काम आहे.

क्लार्कवर अन्याय झाला अशी जी उदाहरणे नेहमी दिली जातात, त्यांतले सर्वांत स्वच्छ उदाहरण 1 जून 2024चे आहे. शिकागो स्कायच्या चेनेडी कार्टरने बॉल आत येण्यापूर्वीच क्लार्कला कमरेने आणि खांद्याने धडक देऊन पाडले. मैदानावर तो बॉलपासून दूर झालेला साधा फाऊल धरला गेला, क्लार्कला एक फ्री थ्रो मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी लीगने तो फ्लॅग्रंट 1 केला. फीव्हरने तो सामना 71-70 असा जिंकला म्हणून प्रकरण निभावले. एका गुणाने हरले असते तर दुसऱ्या दिवशीच्या त्या कागदाचा फीव्हरला काय उपयोग होता? याउलट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्या सामन्यात सनच्या डिजोनाय कॅरिंग्टनची बोटे क्लार्कच्या डोळ्याला लागली तेव्हा शिट्टी वाजली नाही, आणि स्वतः क्लार्कने तो प्रकार हेतुपुरस्सर नव्हता असे सांगितले. तरीही कॅरिंग्टनला पुढचे कित्येक दिवस जे ऐकावे लागले त्यात बास्केटबॉल फार थोडा आणि वर्णद्वेष अधिक होता. तिची सहकारी अलिसा थॉमस हिने मालिका संपल्यावर सांगितले की इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत असे वर्णद्वेषी शेरे आपल्या वाट्याला कधी आले नव्हते. लीगलाही धमक्यांचा निषेध करणारे निवेदन काढावे लागले. एका न वाजलेल्या शिट्टीचा जाब पंचांऐवजी खेळाडूला विचारला गेला.

म्हणून तारांकित खेळाडूला मिळणाऱ्या खास वागणुकीचा उल्लेख होतो तेव्हा मी पंचांपेक्षा आपल्यासारख्या प्रेक्षकांकडे आधी पाहते. क्लार्क 2025 मध्ये 44पैकी केवळ 13 सामने खेळू शकली. तिला मारून मारून संपवले, असे सर्रास लिहिले गेले. वास्तविक तिला बाहेर बसवणाऱ्या दुखापती मांडीच्या आणि जांघेच्या स्नायूंच्या होत्या, आणि त्यांचा संबंध एखाद्या गाजलेल्या धक्क्याशी जोडता येत नाही. ऑगस्टमध्ये सनविरुद्धच्याच सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडू कनिंगहॅमच्या पायावर कोसळली, गुडघ्याचे लिगामेंट फाटले आणि तिचा मोसम संपला. जूनमध्ये रोज तिचे व्हिडिओ फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या प्रसंगावर पंचांना धारेवर धरले? कोणत्याही संघातील आठव्या-नवव्या खेळाडूला बॉक्सआउट करताना, म्हणजे रिंगखाली अंगाने अडवून जागा धरताना, कोपर लागते तेव्हा तर रिप्लेसुद्धा दाखवला जात नाही.

हा सगळा प्रकार क्लार्कच्या येण्याने सुरू झाला, असे समजणाऱ्यांनी 22 जुलै 2008 हा दिवस आठवावा. डेट्रॉइट शॉक आणि लॉस एंजेलिस स्पार्क्स यांच्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत स्पार्क्सची कँडेस पार्कर खाली पडली, शॉकची प्लेनेट पिअरसन तिच्याशी भिडली आणि दोन्ही बाकांवरच्या खेळाडू मैदानात उतरल्या. पार्करचे ते पदार्पणाचे वर्ष होते आणि तिच्याकडेही तेव्हा लीगचे भविष्य म्हणूनच पाहिले जात होते. भांडण सोडवायला गेलेले शॉकचे सहायक प्रशिक्षक रिक माहॉर्न यांच्या हातून लिसा लेस्ली खाली पडली, आणि पिअरसनला आवरताना शॉकच्याच शेरिल फोर्डचा गुडघा गेला. दहा खेळाडू आणि माहॉर्न यांच्यावर बंदी आली, त्यांत पिअरसनला सर्वाधिक चार सामन्यांची. विशेष म्हणजे शॉकचे मुख्य प्रशिक्षक बिल लेम्बियर आणि माहॉर्न हे दोघेही एनबीएमधील डेट्रॉइट पिस्टन्सच्या त्या दांडगट संघातले, ज्याने मायकल जॉर्डनला रोखण्यासाठी खास जॉर्डन रूल्स आखले होते. सर्वोत्तम खेळाडूला शरीराने थकवायचे हे शास्त्र पुरुषांच्या खेळातून महिलांच्या खेळात आले, ते असे माणसांच्या रूपाने चालत आले. पुढे एनबीएने 2004च्या सुमारास रिंगपासून दूर खेळणाऱ्या खेळाडूला हाताने अडवण्याबाबतचा नियम कडक राबवला आणि तिकडचा खेळ मोकळा झाला. महिलांच्या लीगनेही हालचालीच्या मोकळेपणावर भर देऊ असे वारंवार सांगितले आहे, पण मोसमाच्या सुरुवातीला आवळलेली शिट्टी प्लेऑफपर्यंत सैल होते, हा अनुभव काही बदलत नाही.

प्लेऑफमधला दबाव किती टोकाचा असतो हे 20 ऑक्टोबर 2024च्या अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात दिसले. न्यूयॉर्क लिबर्टीची सबरीना आयोनेस्कू 19 शॉट्सपैकी एकच बास्केटमध्ये टाकू शकली होती आणि मिनेसोटा लिंक्सकडे 5.2 सेकंद उरले असताना दोन गुणांची आघाडी होती. अलाना स्मिथवर ब्रियाना स्टुअर्टला फाऊल केल्याचा ठपका आला. लिंक्सच्या प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांनी आव्हान दिले, रिप्ले पाहूनही निर्णय कायम राहिला, स्टुअर्टने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि लिबर्टीने ज्यादा वेळात 67-62 असा विजय मिळवला. त्या सामन्यात लिबर्टीला 25 आणि लिंक्सला 8 फ्री थ्रो मिळाले. आमचे विजेतेपद चोरले गेले, असे रीव्ह उघडपणे म्हणाल्या. तो फाऊल मी अनेकदा मागे-पुढे करून पाहिला आहे. स्पर्श होता, पण सामन्यात त्याआधी तसे कितीतरी स्पर्श सोडून दिले होते. 25 विरुद्ध 8 या आकड्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही, कारण आत घुसणाऱ्या संघाला फ्री थ्रो अधिक मिळतातच. एकाच सामन्यात दोन मापे वापरली गेली, हा माझा आक्षेप आहे.

वर्ष पुरे होण्याच्या आत, 26 सप्टेंबर 2025ला, तेच लिंक्स आणि त्याच रीव्ह. मर्क्युरीविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या तिसऱ्या सामन्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात अलिसा थॉमसने, जी आता मर्क्युरीकडून खेळत होती, नफीसा कोलियरकडून बॉल हिसकावला. त्याच क्षणी दोघींचे पाय एकमेकींवर आदळले, कोलियरचा घोटा वळला आणि थॉमस पलीकडे जाऊन बास्केट टाकून आली. शिट्टी नाही. रीव्ह धावत मैदानात घुसल्या, त्यांना बाहेर काढले गेले, आणि सामन्यानंतर त्यांनी पंचांना अशा शब्दांत झोडपले की लीगने एका सामन्याची बंदी आणि 15,000 डॉलर दंड ठोठावला. माझ्या मते बॉल स्वच्छ निघाला होता आणि पायांची धडक नंतरची होती, त्यामुळे त्या क्षणी बेसलाइनवर मी असते तर कदाचित मीही शिट्टी वाजवली नसती. रीव्ह यांचा राग मला तरीही समजतो, कारण तो त्या एका बॉलपुरता नव्हता. एसेसच्या बेकी हॅमन आणि फीव्हरच्या व्हाइट या दोघींनीही त्याच सुमारास शारीरिक खेळ आटोक्याबाहेर गेल्याचे सांगितले आणि रीव्ह यांना दुजोरा दिल्याबद्दल त्यांनाही दंड भरावा लागला. जिंकत असलेल्या संघाच्या प्रशिक्षकानेही तक्रार करावी, ही गोष्ट लीगने गांभीर्याने घ्यायला हवी होती.

चार दिवसांनी कोलियरने, जी तेव्हा खेळाडूंच्या संघटनेची उपाध्यक्षही होती, लिहून आणलेले निवेदन वाचले. आपल्याकडे जगातले सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम चाहते आहेत, पण नेतृत्व मात्र जगातले सर्वांत वाईट आहे, असा त्याचा आशय होता. तिच्या म्हणण्यानुसार पंचगिरीचा विषय तिने काढला तेव्हा लीगच्या कमिशनर कॅथी एंगलबर्ट यांनी, पंचांबद्दल फक्त हरणारे तक्रार करतात, असे उत्तर दिले होते. खासगी संभाषणांविषयी बरेच काही चुकीचे पसरले आहे, असे एंगलबर्ट यांनी नंतर सांगितले. त्यांच्यापैकी कोणाचे खरे हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. पण पंचगिरीविषयी बोलण्याची किंमत दंडाच्या रूपाने मोजावी लागते आणि पंचांच्या चुकीचा हिशेब मात्र कोठेच मांडला जात नाही, हे कोणालाही दिसते.

एनबीए 2015पासून अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात पंच कोठे चुकले हे लीग स्वतः सांगते. डब्ल्यूएनबीएमध्ये ती पद्धत नाही. एनबीएचे पंच पूर्णवेळ नोकरीत असतात, तर डब्ल्यूएनबीएचे अनेक पंच उरलेले वर्ष कॉलेजचे आणि जी लीगचे (एनबीएच्या दुय्यम लीगचे) सामने करतात, म्हणजे एकाच वर्षात त्यांना स्पर्शाची वेगवेगळी मापे वापरावी लागतात. पैशाची सबब आता चालणारी नाही, कारण 2026पासून सुरू होणारा प्रक्षेपणाचा 11 वर्षांचा करार सुमारे 2.2 अब्ज डॉलरचा आहे. त्यातला थोडा वाटा पूर्णवेळ पंचांवर खर्च करावा, वैयक्तिक फाऊलची मर्यादा सहावरून पाचवर आणावी आणि शेवटच्या दोन मिनिटांच्या अहवालाला पहिल्या पाच मिनिटांचाही अहवाल जोडावा, कारण बॉलपासून दूर चाललेली धराधरी तिथे थांबवली नाही तर पुढचे सगळे निर्णय उशिराचे ठरतात. पाचव्या फाऊलला बाहेर जावे लागेल हे ठाऊक असलेली बचावपटू पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाऊल पडले की हात आवरता घेते. आमच्या जिल्ह्याच्या सामन्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीही हे न सांगता करतात.